एनएफएल : ओव्हरच्या पैजा आणि वादग्रस्त संघमालक

हडसनकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

हा धागा अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगचा. आमच्या न्यू जर्सीत जून २०१८ पासून खेळांवर पैज लावणं कायदेशीर आहे. त्याच्या महिनाभर आधी, १४ मे २०१८ ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ चा केंद्रीय बंदी कायदा रद्द केला आणि तो खटला न्यू जर्सीनेच लढवला होता. आता बहुतेक राज्यांत हे चालू आहे. रविवारी आमच्या मित्रमंडळात टीव्हीवर सामना असतो आणि सगळ्यांच्या नजरा हातातल्या फोनवर.

पैजा अनेक प्रकारच्या, पण आपल्या लोकांचा जीव ओव्हरमध्ये. दोन्ही संघांचे मिळून किती गुण होतील याचा एक आकडा कंपनी आधीच लावते. समजा ४७.५. गुण ४८ किंवा जास्त झाले की ओव्हरवाले जिंकले, ४७ वर थांबले की अंडरवाले. कोण जिंकतं याच्याशी संबंध नाही. त्यामुळे नवख्याला ही पैज सोपी वाटते. संघांची नावं नीट माहीत नसली तरी चालतं, आणि टचडाउन (चेंडू समोरच्या गोलरेषेपार नेणं) कोणीही केला तरी टाळ्या वाजवता येतात.

ओव्हरवाल्यांच्या गप्पा फिरून फिरून १९ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीवर येतात. लॉस एंजेलिस रॅम्स ५४, कॅन्सस सिटी चीफ्स ५१. सामना मेक्सिको सिटीत व्हायचा होता, तिथलं मैदान खराब निघालं म्हणून ऐनवेळी लॉस एंजेलिसच्या कॉलिझियमवर आणला. आकडा त्रेसष्टच्या आसपास लावला होता, एनएफएलच्या मानाने प्रचंड मोठा. तरी सामन्याच्या चार भागांपैकी तिसऱ्या भागात, म्हणजे तिसऱ्या क्वार्टरमध्येच तो पार झाला! मध्यंतराला २३-२३, तिसऱ्या क्वार्टरअखेर ४०-३०. चीफ्सचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) माहोम्सचे सहा टचडाउन पास, आणि त्याच्याच चुकांवर रॅम्सच्या सॅमसन एबुकामने केलेले दोन टचडाउन. हा एबुकाम बचावातला खेळाडू. शेवटची दोन मिनिटंही उरली नव्हती तेव्हा रॅम्सच्या क्वार्टरबॅक गॉफने जेराल्ड एव्हरेटला पास दिला आणि रॅम्स पुढे गेले. दोन्ही संघांनी पन्नाशी गाठलेला एनएफएलमधला हा पहिला सामना.

आता त्याच रॅम्सचा ३ फेब्रुवारी २०१९ चा सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना आठवा. आकडा छप्पन्नच्या आसपास. निकाल पॅट्रियट्स १३, रॅम्स ३. तीन क्वार्टर संपले तेव्हा ३-३. सुपर बोलमध्ये इतके कमी गुण कधीच झालेले नाहीत. नोव्हेंबरची रात्र डोक्यात ठेवून ज्यांनी ओव्हर लावला होता, त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

मालकांचा विषय याच धाग्यात घेतोय, त्याला कारण आहे. पैज लावणारा दुखापतींच्या बातम्या वाचतो, हवामान बघतो, पण संघ ज्याचा आहे तो माणूस काय करतोय याची त्याला खबर नसते. संघ कुठे खेळणार, प्रशिक्षक कोण, यंदा जिंकायचं की पुढच्या वर्षी चांगला नवा खेळाडू मिळावा म्हणून हरलेलं चालेल (नव्या खेळाडूंच्या निवडीत तळाच्या संघाचा नंबर आधी लागतो), हे सगळं मालकाच्या खोलीत ठरतं. खेळाडूने एनएफएलवर पैज लावली तर लीग त्याला किमान हंगामभर घरी बसवते. मालकांचं काय? माझं मत स्पष्ट आहे. पैज कायदेशीर झाल्यावर लीगने सर्वांत कडक नजर मालकांवर ठेवायला हवी होती, आणि नेमकी तिथेच ती ढिली आहे. तुमची माहिती, अनुभव, विरोध, सगळं लिहा.


गणिती_मामा

आधी ओव्हरचा हिशोब मांडतो, मालकांचं नंतर.

सर्वसाधारण भाव असा की ११० डॉलर लावा, जिंकलात तर वर १०० मिळतील. अशा शंभर पैजा लावल्या, पन्नास जिंकल्या, पन्नास हरल्या. जिंकलेल्यांचे ५,००० आले, हरलेल्यांचे ५,५०० गेले. निम्म्या पैजा बरोबर येऊनही खिशातून ५०० डॉलर गेले. नुसतं बरोबरीत सुटायला शंभरात ५२.४ पैजा जिंकाव्या लागतात. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. पण वर्षानुवर्षं ५४-५५ टक्के टिकवणारा माणूस विरळा, आणि असा कोणी सापडला की कंपन्या त्याच्या पैजेची मर्यादाच कमी करून टाकतात.

लोकांना ओव्हर आवडतो हे आकडा लावणाऱ्याला पक्कं माहीत असतं. दोन जोरदार आक्रमणं समोरासमोर आली की आकडा आधीच चढवलेला असतो. गुणांचा पाऊस पडणार हे तुम्हाला कळलं, तसं बाजारालाही कळलेलं असतं. बाजाराने धरलाय त्यापेक्षा जास्त पडेल की नाही, हे ज्याला कळलं त्यालाच पैसे.

शिवाय गुण एकेकाने वाढत नाहीत. टचडाउनचे सहा, त्यावर जादा किकचा एक, फील्ड गोलचे (चेंडू लाथेने गोलखांबांमधून मारल्याचे) तीन. त्यामुळे बेरजा काही ठरावीक आकड्यांवर जास्त वेळा येऊन थांबतात, ४१, ४४, ५१ अशा. ४४ चा ओव्हर आणि ४४.५ चा ओव्हर यात अंतर अर्ध्या गुणाचं. सामना ४४ वर संपला तर पहिल्याला पैसे परत, दुसऱ्याचे गेले. आपल्यातले कितीतरी जण हा अर्धा गुण बघतच नाहीत, फोन उघडला की समोर दिसेल तो भाव घेतात. दोन-तीन ठिकाणचे आकडे ताडून बघायला मिनिटसुद्धा लागत नाही.

रॅम्स-चीफ्सलाही तेच झालं. रॅम्सना तीन-साडेतीन गुणांनी वरचढ धरलं होतं, म्हणजे त्याहून जास्त फरकाने जिंकले तरच त्यांच्यावर लावलेली पैज जिंकणार, आणि ते जिंकले बरोब्बर तीनने. तीनवर घेणाऱ्याचे पैसे परत आले, साडेतीनवाला बुडाला. सामना १०५ गुणांचा, आणि घोळ अर्ध्या गुणाचा.


रेघोटी

मामा, +१. वाऱ्याचं राहिलं. पाऊस-बर्फ दिसला की लोक अंडरकडे पळतात, पण खरा फरक वारा पाडतो, कारण लांबचे पास आणि फील्ड गोल दोन्ही बिघडतात. ६ डिसेंबर २०२१ चा बफेलोचा सामना बघा. पॅट्रियट्स १४, बिल्स १०. वारा असा होता की पॅट्रियट्सच्या क्वार्टरबॅक मॅक जोन्सने सबंध सामन्यात तीनच पास टाकले. तीन! छपराखालच्या मैदानात ही भानगड नाही.


जुना_जाणता

रॅम्स-चीफ्सचे १०५ मोठेच, पण विक्रम अजून जुना आहे. २७ नोव्हेंबर १९६६, वॉशिंग्टन ७२, न्यूयॉर्क जायंट्स ४१. एकूण ११३. त्याखालोखाल २००४ चा सिनसिनाटी ५८, क्लीव्हलँड ४८. मग तुमची ती रात्र.

१९६६ च्या सामन्याचा शेवट पैजवाल्यांनी जरूर वाचावा. सात सेकंद उरली होती आणि वॉशिंग्टन ६९-४१ ने पुढे. अशा वेळी पुढचा संघ वेळ संपवून घरी जातो. वॉशिंग्टनने फील्ड गोल मारला. त्यांचा बचावातला खेळाडू सॅम हफ आधी जायंट्सचा होता, १९६४ मध्ये जायंट्सने त्याला अदलाबदलीत देऊन टाकलं होतं आणि तो राग त्याच्या मनात होता. तो फील्ड गोल आपणच मारायला लावला असं हफ पुढे सांगत असे. असले तीन गुण कुठल्याही तक्त्यात सापडत नाहीत.

आता मालक. वॉशिंग्टनचा संघ जॉर्ज प्रेस्टन मार्शलचा. १९६६ पर्यंत तो आजाराने खिळला होता आणि कारभार दुसरे बघत होते, पण संघ त्यानेच उभा केलेला. लीगमधल्या बाकी सगळ्या संघांत कृष्णवर्णीय खेळाडू आले तरी मार्शलने एकही घेतला नाही. शेवटी केनेडी सरकारातले मंत्री स्टुअर्ट उडॉल यांनी १९६१ मध्ये बजावलं की नवं स्टेडियम केंद्र सरकारच्या जमिनीवर आहे, भेदभाव चालू ठेवायचा असेल तर तिथे खेळता येणार नाही. तेव्हा कुठे १९६२ मध्ये बॉबी मिचेल आला. ७२ गुणांच्या दिवशी वॉशिंग्टनकडून मिचेल होता, चार्ली टेलर होता, आणि बचावात खेळून दोन टचडाउन करणारा ब्रिग ओवेन्स होता. तिघेही कृष्णवर्णीय. मार्शलचं चाललं असतं तर यातला एकही त्या मैदानावर दिसला नसता.

तो १९६९ मध्ये वारला. मृत्युपत्रात त्याने एका धर्मादाय संस्थेसाठी पैसे ठेवले आणि अट घातली की वंशांना एकत्र आणणाऱ्या कुठल्याही कामाला ते वापरायचे नाहीत. जून २०२० मध्ये स्टेडियमबाहेरचं त्याचं स्मारक काढलं. इतक्या उशिरा, २०२० मध्ये!


मिसिसिपीतीर

मी सेंट लुईसमध्ये राहते. त्या ५४-५१ च्या रात्री आमच्या ओळखीतलं कोणी जल्लोष करत नव्हतं.

रॅम्स १९९५ ते २०१५ आमचे होते. कर्ट वॉर्नर, मार्शल फॉक, आयझॅक ब्रूस यांच्या त्या संघाने १९९९, २००० आणि २००१ या तिन्ही हंगामांत पाचशेच्या वर गुण केले. सलग तीन वर्षं असं आधी कुठल्याच संघाला जमलं नव्हतं. ओव्हरवाल्यांना मनापासून आवडावा असा संघ तो. आमच्या शेजारचे काका तेव्हाची तिकिटं अजून फ्रेम करून भिंतीवर ठेवून आहेत, खाली वॉर्नरची सही.

मालक स्टॅन क्रोंकी मूळचा आमच्याच मिझुरी राज्यातला. आईवडिलांनी त्याचं नाव ठेवलं तेच मुळी सेंट लुईसच्या दोन बेसबॉलपटूंवरून. बायको वॉलमार्टच्या वॉल्टन घराण्यातली. इंग्लंडच्या आर्सेनल फुटबॉल क्लबचा मालकही तोच. जानेवारी २०१६ मध्ये बाकीच्या मालकांनी ३०-२ मतांनी त्याला संघ लॉस एंजेलिसला न्यायची परवानगी दिली. जाताना अर्जात त्याने आमच्या शहराबद्दल जे लिहिलं, की इथे तीन व्यावसायिक संघ पोसायची ऐपत नाही, ते इथल्या लोकांना अजून झोंबतं. ज्या स्टेडियमसाठी लोकांच्या पैशांतून कर्ज काढलं होतं ते संघ गेला तेव्हा पूर्ण फिटलेलंही नव्हतं.

शहराने आणि काउंटीने खटला भरला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरवर तडजोड झाली. तडजोड झाली की सुनावणी होत नाही आणि मालकांना साक्षीला उभं राहावं लागत नाही. अडीच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, रॅम्सने आपल्या नव्या स्टेडियममध्ये सुपर बोल जिंकला.

पैजेचं म्हणाल तर माझ्या नवऱ्याने त्यानंतर एनएफएलवर एक डॉलरही लावलेला नाही. ज्या खेळात संघच रातोरात उचलून नेता येतो त्यात पुढच्या रविवारचा आकडा काय बघायचा, असं तो म्हणतो, आणि मला ते पटतं.


पुणेरी_प्रश्न

छान धागा. एक विचारतो. मला पुण्यात बसून एखाद्या परदेशी ॲपवरून एनएफएलची ओव्हर लावता येईल का? सामने तर पहाटे उठून बघतोच.


अनघा_टेक्सास

नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या सगळ्याच ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्याच आठवड्यात मोठमोठ्या भारतीय ॲप्सनी पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. महाराष्ट्रात त्याआधीही १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा होताच. परदेशी ॲपवाले पैसे घेतात, परत द्यायची वेळ आली की दाद मागायला तुम्ही जाणार कुठे? पहाटे उठून नुसता सामना बघा, तो पुरेसा रंगतो.

आणि मालकांवरून आठवलं. २०१३ च्या आयपीएल प्रकरणात संघांच्या वरच्या माणसांनीच पैजा लावल्याचं निघालं. लोढा समितीने २०१५ मध्ये त्या माणसांना तहहयात बाहेर काढलं आणि चेन्नई, राजस्थान हे दोन्ही अख्खे संघ दोन वर्षं खेळू दिले नाहीत. आपल्या क्रिकेट मंडळाच्या कारभाराबद्दल माझ्या तक्रारी खूप आहेत, पण इतकी शिक्षा एनएफएलच्या कुठल्या मालकाला आणि संघाला झाल्याचं मला आठवत नाही.


दुसरी_बाजू

सगळं वाचलं. धागाकर्त्यांशी अर्धा सहमत.

मालक वाईट वागले यात शंका नाही. वॉशिंग्टनच्या डॅन स्नायडरने १९९९ मध्ये ८० कोटी डॉलरला संघ घेतला. दोन दशकांत कचेरीतल्या बायकांच्या छळाच्या तक्रारी निघाल्या, पैशांच्या लपवाछपवीचे आरोप झाले, आणि २०२३ मध्ये त्याने संघ विकला ६०५ कोटींना. लीगने दंड केला सहा कोटी. विक्रीच्या जेमतेम एक टक्का. हे चीड आणणारं आहेच.

पण त्याचा ओव्हर-अंडरशी संबंध कसा लावता? स्नायडरच्या काळात वॉशिंग्टन बहुतेक वर्षं सुमार खेळायचं आणि आकडेही तसेच लागायचे. वाईट मालकाची किंमत बाजाराने आधीच धरलेली असते. दुसरं म्हणजे कायदेशीर पैजेमुळे नजर वाढते. कुठे अचानक मोठी रक्कम आली की कंपन्या लगेच नियामकाला कळवतात. चोरून चालायचं तेव्हा हे कोणी बघत नव्हतं. मालक नालायक आहे हा नीतीचा मुद्दा, पैज हा वेगळा, दोन्हींची सरमिसळ नको असं माझं म्हणणं.


जुना_जाणता

दुसरी_बाजू, संबंध आहे आणि जुना आहे.

जायंट्सचा टिम मारा स्वतः बुकी होता, तेव्हा घोड्यांच्या शर्यतींवर ते कायदेशीर होतं. त्याने १९२५ मध्ये ५०० डॉलरला संघ घेतला. स्टीलर्सच्या आर्ट रूनीचं शर्यतींतलं नशीब अजून सांगितलं जातं. लीग उभी राहिली तीच या लोकांच्या पैशावर.

आता २८ डिसेंबर १९५८, यांकी स्टेडियम. बाल्टिमोर कोल्ट्स आणि जायंट्स, विजेतेपदाचा सामना, १७-१७ वर जादा वेळ. कोल्ट्सना साडेतीन गुणांनी वरचढ धरलं होतं. चेंडू जायंट्सच्या गोलरेषेजवळ आला. तिथून फील्ड गोल मारला असता तर कोल्ट्स विजेते ठरले असते, पण तीन गुणांनी, म्हणजे साडेतीन पार न होता. कोल्ट्सचा क्वार्टरबॅक युनायटासने पास टाकून चेंडू एक यार्डावर आणला आणि ॲलन अमीचीने टचडाउन केला. २३-१७. मालक कॅरोल रोझेनब्लूम हा पैजा लावणारा गडी म्हणून माहीत होता आणि त्याने त्या सामन्यावर मोठी रक्कम लावली होती अशी कुजबुज तेव्हापासून चालू आहे. पुरावा कधीच मिळाला नाही. कोल्ट्सचा किकर भरवशाचा नव्हता, त्यामुळे टचडाउनकडे जाणं खेळाच्या दृष्टीनेही बरोबर होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण पुढचं बघा. १९६३ मध्ये लीगचे प्रमुख (कमिशनर) पीट रोझेल यांनी पैजांच्या आरोपांतून रोझेनब्लूमला मोकळं केलं आणि त्याच वर्षी पॉल हॉर्नंग आणि ॲलेक्स कॅरस या दोन खेळाडूंना पैजांसाठी सबंध हंगाम बाहेर बसवलं. रोझेनब्लूमने १९७२ मध्ये कोल्ट्स देऊन रॅम्स घेतले. म्हणजे मिसिसिपीतीर ताई, तुमच्याकडे आलेला संघ त्याच्याच घरचा, १९९५ मध्ये तो सेंट लुईसला आणला त्याच्या विधवेने.

सॅन फ्रान्सिस्कोच्या एडी डिबार्टोलोचंही सांगतो. लुइझियानात कॅसिनोचा परवाना हवा होता, माजी गव्हर्नर एडविन एडवर्ड्सने चार लाख डॉलर मागितले, याने दिले आणि कुठे बोलला नाही. १९९८ मध्ये गुन्हा कबूल केला, लीगने बाजूला केलं, संघ बहिणीकडे गेला. २०१६ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत घेतलं.


हडसनकाठी (धागाकर्ता)

जाणते, मनापासून आभार. दुसरी_बाजू यांना उत्तर देतो, कारण प्रश्न रास्त आहे.

मुद्दा नीतीपुरता असता तर मी वेगळा धागा काढला असता. २०२२ चे दोन निकाल शेजारी ठेवा.

मार्चमध्ये अटलांटाच्या कॅल्विन रिडलीवर किमान एक हंगाम बंदी आली. मानसिक आरोग्यासाठी सुटी घेऊन तो संघापासून दूर होता, तेव्हा त्याने फोनवरून पैजा लावल्या, त्यांत आपल्याच संघाच्या विजयावरही. त्याने स्वतः सांगितलेली रक्कम १,५०० डॉलर. त्याचा वर्षभराचा पगार गेला, सुमारे १ कोटी १० लाख.

ऑगस्टमध्ये मायामीच्या स्टीफन रॉसचा निकाल. त्याचे माजी प्रशिक्षक ब्रायन फ्लोरेस यांनी खटल्यात म्हटलं होतं की २०१९ मध्ये मालकाने प्रत्येक पराभवामागे एक लाख डॉलर देऊ केले, म्हणजे पुढच्या वर्षी नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला नंबर लागेल. लीगचा निष्कर्ष असा आला की संघ मुद्दाम हरला नाही आणि एक लाखाचं बोलणं गंभीर देकार नव्हतं. पण निवडीतल्या नंबराला विजयांपेक्षा जास्त महत्त्व द्यावं असं रॉसने वारंवार बोलून दाखवलं होतं, हे लीगनेच मान्य केलं. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी आणि प्रशिक्षक शॉन पेटन यांच्याशी नियमबाह्य बोलणी केल्याबद्दल त्याला १५ लाख डॉलर दंड झाला, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत निलंबन, आणि नव्या खेळाडूंच्या निवडीतली संघाची पहिल्या फेरीची संधी गेली. हरण्याबद्दल शिक्षा शून्य.

२०१९ मध्ये मायामीचे पहिले सात सामने गेले होते. त्या सात आठवड्यांत त्यांच्या सामन्यांवर पैज लावणाऱ्याला मालक असं काही बोलतोय हे माहीत होतं का? नव्हतं. वाईट मालकाची किंमत बाजार धरतो हे खरं, पण बाजार जे दिसतं तेच धरतो. बंद खोलीतलं बोलणं तो कुठून धरणार? आणि अचानक मोठी रक्कम आली की कंपन्या कळवतात, तेही खरं. मालकाने एक पैसाही न लावता संघ दुबळा ठेवला तर कुठली रक्कम येणार आणि कोण कळवणार?

त्याच रॉसच्या संघाने २४ सप्टेंबर २०२३ ला डेन्व्हरला ७०-२० हरवलं. त्या दिवशी आमच्याकडे ओव्हरवाल्यांनी आरडाओरडा करून घर डोक्यावर घेतलं. खेळाडूंचं मलाही अपार कौतुक वाटलं, वाटत राहील. १९६६ नंतर एनएफएलमध्ये पहिल्यांदाच कोणी सत्तरी गाठली होती.


अनघा_टेक्सास

हे सगळं तरुण मुलांपर्यंत कसं पोचतंय तेही नोंदवते. माझा भाचा दुसऱ्या राज्यात शिकतो. सुटीत आला तेव्हा त्याने मला फोन दाखवला. एकाच सामन्यातल्या चार गोष्टी एकत्र बांधलेल्या, ओव्हर, क्वार्टरबॅकचे ३०० यार्ड आणि दोघांचे टचडाउन. याला पार्ले म्हणतात. हिरव्या चौकटीत ठळक अक्षरांत 'मिळणारी रक्कम', आणि खाली चालू घड्याळ, जणू घाई केली नाही तर संधी जाईल.

त्याला कागदावर मांडून दाखवलं. प्रत्येक गोष्ट निम्म्या शक्यतेची धरली तर चारही जुळायची शक्यता सोळात एक. न्याय्य भाव पंधरास एक हवा. नेहमीच्या भावाने चार पैजा गुणल्या तर मिळतात सव्वाबारास एक. आणि एका सामन्यातल्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात म्हणून कंपनी भाव आणखी खाली आणते. मामांच्या हिशोबाने साध्या ओव्हरमधला कंपनीचा वाटा येतो शेकडा साडेचार. पार्लेत तो कितीतरी पटींनी वाढतो. भाचा बराच वेळ कागदाकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "मावशी, मग सगळे हेच का लावतात?"

आपल्या घरातली मुलं यात असतील तर ओरडू नका, कागद घेऊन बसा. फारच हाताबाहेर गेलं असेल तर बहुतेक राज्यांत आपलं नाव स्वतःहून वगळायची सोय आहे. नाव दिलं की त्या राज्यातल्या परवानाधारक कंपन्यांना ठरलेल्या मुदतीत तुमची पैज घेता येत नाही. न्यू जर्सीत ती मुदत किमान एक वर्ष आहे.


गणिती_मामा

अनघाताई, तुमच्या हिशोबाची प्रिंट काढून इथल्या मंडळाच्या फलकावर लावतोय.


दुसरी_बाजू

रॉसच्या उदाहरणावर मला उत्तर नाही, तो मुद्दा मानतो. तरी खेळाडूंवरचे नियम सैल करा या बाजूने मी जाणार नाही. डेट्रॉइटच्या जेमसन विल्यम्सला २०२३ मध्ये सहा सामन्यांची बंदी आली, ती एनएफएलवर नव्हे, दुसऱ्या खेळावर संघाच्या जागेतून पैज लावली म्हणून. ती पुढे चारवर आणली. कडक वाटतं, पण हवं. मग मालकांसाठी तुम्ही नेमकं काय मागताय? दंड वाढवून त्यांना फरक पडत नाही, तो तर वर आलाच.


हडसनकाठी (धागाकर्ता)

खेळाडूंचे नियम सैल करा असं मीही म्हणत नाही. मालकांसाठी दोन गोष्टी मागतो.

पहिली, लेखी अहवाल. वॉशिंग्टनची पहिली चौकशी बेथ विल्किन्सन यांनी केली. जुलै २०२१ मध्ये संघाला एक कोटीचा दंड झाला आणि लेखी अहवाल निघालाच नाही, निष्कर्ष लीगला तोंडी सांगितले गेले. दुसरी चौकशी मेरी जो व्हाइट यांची. तिचा अहवाल २० जुलै २०२३ ला लोकांसमोर आला, ज्या दिवशी स्नायडरची विक्री मंजूर झाली त्याच दिवशी. तो मालक असेपर्यंत आपल्याला कागद दिसला नाही. रॉसची चौकशीही व्हाइट यांनीच केली होती आणि तिच्याबद्दल आपल्या हाती आलं ते लीगचं निवेदन. चौकशी मालकाची असेल तर अहवाल ठरावीक मुदतीत जाहीर व्हावा, मालक संघात राहो की जावो.

दुसरी गोष्ट राज्यांकडून. एप्रिल २०२१ मध्ये लीगने तीन पैज कंपन्यांना अधिकृत भागीदार केलं, म्हणजे या धंद्यातून लीगला, पर्यायाने मालकांना, थेट पैसा येतो. न्यू जर्सीत पैज कंपनीला परवाना देताना राज्याचं खातं तिच्या मालकांची, त्यांच्या पैशांची, जुन्या खटल्यांची तपासणी करतं. ज्या संघाच्या सामन्यावर ती कंपनी पैज घेते, त्या संघाच्या मालकाला अशी कुठलीच तपासणी नाही. जायंट्स आणि जेट्स दोघेही आमच्याच राज्यात, ईस्ट रदरफर्डला खेळतात. आमच्या मतदारसंघाच्या आमदारांना मी याबद्दल पत्र लिहितोय. न्यू जर्सीतल्या कोणाला त्यावर सही करायची असेल तर मला इथेच निरोप टाका, मसुदा पाठवतो.